तोंडी भाव

१० जानेवारी १९६२, अमरावती

तीन हजार म्हणतो. एक पैसा खाली नाही.

सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो, संध्याकाळी रिकाम्या हाताने राजापेठेत परत. खुशालरावचं आवार स्टेशनाच्या पलीकडे आहे. पत्र्याखाली सहा-सात जुन्या मोटारी. हा माणूस आधी बैलांचा दलाल होता, वऱ्हाडातले सगळे गुरांचे बाजार पायाखाली घातलेला. आता मोटारी विकतो, पण बोलणं तेच राहिलं आहे. जीपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "लढाईतलं जनावर हाये, बाप्पा. बर्मा पाहून आलं. दात पाहाचे का?" आणि बॉनेट उघडलं.

जीप चांगली आहे. मागच्या दोन बाकांपैकी एक काढलं तर बाई आडवी झोपू शकते. मला तेवढंच पाहायचं होतं.

आमच्याजवळ बावीसशे आहेत. चौदा गावांतल्या आपल्या वस्त्यांनी आठ आणे, रुपया करत जमवलेले — आणि माझ्या भाषणावर जमवलेले. गेल्या वर्षी वस्तीतली आशाबाई बाळंतपणात अडली तेव्हा आमच्या गावात नऊ बैलगाड्या होत्या. एकही मिळाली नाही. "धर्म नवा केला ना, गाडीही नवी करा," असं गाडीवाले म्हणाले. चौघे तिला बाजेवर घालून बार्शीटाकळीकडे निघाले. ती अर्ध्या वाटेवर गेली, पोटातल्या जिवासकट. शोकसभेत मी गरजलो, "आपण आपली मोटार घेऊ!" लोकांनी जागच्या जागी कनवटीला हात घातले. बोलणारा मी, तेव्हा आणणाराही मीच.

खुशालरावसमोर आज तेच सगळं बोललो. अर्धा तास. आवारातले ड्रायव्हर, मेस्तरी हातातली कामं टाकून ऐकत होते. संपल्यावर खुशालरावने उपरण्याने डोळे पुसले. खरंच पुसले. म्हणाला, "मस्त बोल्ले. माहे डोये पानावले. तीन हजार."

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. माझ्याआधी मूर्तिजापूरचा एक कापूसवाला आला होता. त्याच्याशी खुशालराव एक शब्द बोलला नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं, आत बोटं हलली, पाच मिनिटांत सौदा. गुरांच्या बाजारातली जुनी चाल. माझ्याशी मात्र मोकळेपणाने, सगळ्यांसमोर, तोंडाने बोलला. शब्दाला शब्दाने उत्तर. भाव पटला नाही, पण माणूस पटला.

१२ जानेवारी

घरून कार्ड. जमुना, माझी धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली आहे. दिवस फेब्रुवारीच्या मध्यावर भरतात. पार्बताबाई सुईणीने पोट चाचपून सांगितलं, मूल आडवं आहे.

कार्ड तीनदा वाचलं. छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासली, एक चूक दिसली नाही. डोळ्यांपुढे बाज.

१४ जानेवारी

चांदूर रेल्वेकडून परतलो. देवमनची सभा होती. देवमन आपल्या पक्षातर्फे विधानसभेला उभा आहे, आणि त्याला बोलता येत नाही. सरळ, प्रामाणिक, पुटपुटणारा माणूस. बोलायचं मी. दीड तास बोललो. संपलं तरी लोक उठेनात. परतताना देवमन म्हणाला, "मी निवडणुकीला नाही, तुझ्या जिभेवर उभा आहे."

१९ जानेवारी

आज जानरावला घेऊन गेलो. निधीची थैली त्याच्याजवळ असते. जन्मभर दुसऱ्यांची गुरं राखली, बाजाराला हाकली. अक्षर येत नाही, पण चौदा गावं त्याच्यावर विश्वास टाकतात.

मी म्हणालो, "खुशालराव, बावीसशे रोख. आत्ता."

"तीन हजार."

"थोडं तरी खाली या."

"कसा येऊ? मांगच्या वख्ती चारचौघांत बोल्लो. हे सारे आयकून राहिले. आज तुमाले खाली आलो त उद्या यायले काऊन नाई?"

"त्या मूर्तिजापूरवाल्याला केवढ्याला दिली?"

"ते मले न त्याले माईत."

परतीच्या गाडीत बोरगाव मागे पडल्यावर जानराव माझ्याकडे सरकला. मग म्हणाला, "भाऊ, तुमी पुस्तकं लय वाचले. एक सांगू? राग नका मानू. खरा भाव हातात रायते. तोंडानं बोलते तो वरचा. शहाना मानूस तो देत नाई. उपरण्याखाली हात घालूनच मंग खाली येतेत. तळव्यावर दाब म्हंजे हजार, बोटं म्हंजे शेकडे. कोनाले आयकू येत नाई, कोनाचं नाक कापल्या जात नाई."

"मग माझ्याशी का तोंडाने बोलला?"

जानराव खिडकीबाहेर बघू लागला. "आपल्या हाताले तो हात कसा लावन? माह्या बापासंगही तोंडानंच बोलत. आपुन लांब उभे. सारा बाजार आयके, अन् आपुन तोच वरचा भाव देऊन येऊ. दुसरा रस्ताच नवता ना."

आणि मी लिहिलं आहे — 'माणूस पटला'! पान फाडायला घेतलं होतं. राहू दे. दिसू दे मला रोज.

तीन हजार आणि बावीसशे यांतले आठशे रुपये. इतकी वर्षं व्यासपीठांवरून ज्याच्याविरुद्ध बोललो त्याचा आकडा आज कळला. कायद्याने नाहीशी केलेली गोष्ट एका उपरण्याखाली सुखाने नांदते आहे, आणि मी तिला मोकळेपणा समजलो.

२० जानेवारी

जानराव सकाळीच दारात. त्याच्या ओळखीचा एक मुसलमान मेस्तरी आहे. खुशालराव त्याचा हात धरतो. तो आपल्यातर्फे जाईल, बावीस-तेवीसशेला सौदा करून येईल.

मी नाही म्हणालो. पाच वर्षांपूर्वी नागपुरात लाखोंनी हात जोडून जे घेतलं, ते दुसऱ्याच्या हाताआडून चालवायचं? तो माझा हात धरेल, नाहीतर त्याची जीप त्याच्याजवळ. जानराव मान खाली घालून ऐकत राहिला. त्या एका माणसापुढे मी सभेत बोलतो तसा बोललो.

बायको, मनकर्णा, चुलीपाशी होती. तो गेल्यावर म्हणाली, "तुमाले गाडी पायजे का हात?"

"दोन्ही."

"जमुनाले त गाडीच पायजे."

जेवलो नाही.

२८ जानेवारी

आठ दिवसांत सहा सभा. अकोल्याला गेलो नाही. स्वतःला सांगतो, हा राग आहे. राग नाही, भीती आहे. तो पुन्हा तोंडाने 'तीन हजार' म्हणेल आणि या वेळी मला त्याचा अर्थ कळेल.

आईचं कार्ड. जमुनाच्या पायांवर सूज. वस्तीतल्या बाया रोज विचारतात, गाडी कधी येते.

३१ जानेवारी

अष्टग्रही! या शनिवारपासून आठ ग्रह एका राशीत, जगबुडी ठरलेली. शहरभर यज्ञ. तुपाचा धूर राजापेठेतून आमच्या खोलीत येतो. शेजाऱ्याने दुकान बंद करून बायकामुलं गावी पाठवली; जग बुडणार तर गाव कसं वाचणार हे त्याला विचारलं नाही. कालच्या सभेत मी मनसोक्त टिंगल केली. लोक पोट धरून हसले. सभा संपल्यावर एकाने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पन खरंच काई होनार नाई ना, भाऊ?"

जानराव म्हणतो, खुशालरावकडे दहा दिवसांत गिऱ्हाईक फिरकलेलं नाही. "आता चाला. आता नरम असन तो."

३ फेब्रुवारी, अकोला

धरला. माझा हात धरला!

जानरावच्या व्याह्यांकडे मुक्काम आहे.

आवारात शुकशुकाट. एक मेस्तरी चाकाशी बसलेला, बाकी कुणी नाही. खुशालरावच्या कपाळाला भस्म, समोर उदबत्ती. "या भाषणवाले. आज बोला. टाइमच टाइम हाये."

मी म्हणालो, "आज बोलणार नाही. उपरणं काढा."

तो समजला. मेस्तरीचा पाना थांबला. खुशालरावने रस्त्याकडे पाहिलं, एका बाजूला, दुसऱ्या बाजूला. कुत्रंही नव्हतं. मग म्हणाला, "जग त बुडूनच राहिलं," आणि उपरणं काढलं.

जानराव तेव्हा जीपखाली आडवा होऊन स्प्रिंगचे पाटे तपासत होता. बरं झालं, नाहीतर रडला असता.

उपरण्याखाली त्याची बोटं आली. गार, खरखरीत. तळव्यावर दोनदा दाब दिला. मग माझी दोन बोटं धरली. दोन हजार, वर दोनशे — बावीसशे! नेमके आमचे बावीसशे! माझा बाप चाळीस वर्षं ज्या बाजारात लांब उभा राहिला तिथल्या माणसाचा हात माझ्या हातात. मला काही सुचेना. मी त्याचा अख्खा हात पंजात घेतला आणि घट्ट दाबला, माणूस माणसाचा हात धरतो तसा. त्याने चमकून वर पाहिलं. मग डोळे खाली केले. म्हणाला, "झालं." मेस्तरीही म्हणाला, "झालं." साक्षीदाराने म्हटलं की सौदा मोडत नाही, अशी चाल आहे.

पाचशे रुपये इसार दिला. कागद उद्या सकाळी.

४ फेब्रुवारी

कागदावर पंचवीसशे.

मी म्हणालो, "बावीस ठरले."

"बावीस मी देले होते. दोन बोटं धरली होती ना? तुमी पंजा देला. पंजा म्हंजे पाच शेकडे. शेवटचा हात तोच सौदा."

"मी मान्य आहे म्हणून धरला."

"मान्य असलं त हात ढिला सोडाचा, भाषणवाले. मले काय माईत तुमी काऊन वाढवले? मले वाटलं, हात धरला म्हनून खुशीनं देले."

थट्टा नव्हती त्याच्या आवाजात. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

बाकीचे पंधरा तारखेपर्यंत द्यायचे. नाहीतर जीप गेली आणि इसारही बुडाला.

बाहेर आल्यावर जानरावला विचारलं, हात ढिला सोडायचा हे तू का नाही सांगितलंस? म्हणाला, "मले काय माईत, भाऊ. मी जलमभर उपरन्याच्या भायेरूनच पाह्यलं."

आम्ही रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. बावीसशे! देत होता तो! मला फक्त काही करायचं नव्हतं.

६ फेब्रुवारी

अष्टग्रही टळली. जग बुडालं नाही. तीनशे रुपये कमीच आहेत.

७ फेब्रुवारी

छापखान्याच्या मालकाकडे उचल मागितली. नाही. देवमनकडे मागू शकत नाही, तो स्वतः सायकलने प्रचार करतो आहे. मनकर्णाच्या कानांत काही नाही; होतं ते तिने पहिल्याच दिवशी निधीत घातलं. चौदा गावांना पुन्हा हात कोणत्या तोंडाने पसरू? काय सांगू? तुमच्या वक्त्याला हस्तांदोलन महाग पडलं?

ग्रंथ वाचून वाचून डोळे गेले. दोन बोटं वाचता आली नाहीत.

८ फेब्रुवारी

मोतीराम आला होता. एकाच वसतिगृहात आम्ही शिकलो, एकाच ताटात जेवलो. आता सरकारी रस्त्यांचे ठेके घेतो आणि समोरच्या उमेदवाराच्या मोटारीत फिरतो. अकोल्याची हकीगत त्याच्या कानावर गेली होती.

"किती कमी पडून राह्यले? तीनशे?"

मी म्हणालो, "तुमच्या उमेदवारासाठी मी एक शब्द बोलणार नाही."

"आमी कुठं बोला म्हनतो? बोलूच नका. मतदान होईलोक. थंडीचे दिवस हायेत, घसा बसते मानसाचा."

त्याला घालवून दिला. असं लिहायला बरं वाटलं असतं. "विचार करतो," असं म्हणालो मी. हे शब्द माझ्या तोंडून गेले.

९ फेब्रुवारी

कार्ड. जमुनाला उठवत नाही. पार्बताबाई म्हणते, माझ्या हातचं नाही हे.

संध्याकाळी मोतीरामकडे गेलो. घेतले.

१० फेब्रुवारी

जीप ताब्यात. खुशालरावने स्वतः नारळ फोडला. जानरावने विचारलं, तीनशे कुठून? उसने, म्हणालो. त्याने पुढे विचारलं नाही, आणि ते जास्त लागलं.

जानरावचा जावई चंद्रभान गाडी गावाकडे घेऊन गेला. मी अमरावतीला आलो. देवमनला चिठ्ठी लिहून दाखवली — घसा पार बसला आहे, डॉक्टरने बोलायला मनाई केली. तो घाबरला. स्वतःच्या निवडणुकीसाठी नाही, माझ्या घशासाठी.

१३ फेब्रुवारी

मफलर गुंडाळून व्यासपीठावर बसतो. लोक मला बघून टाळ्या वाजवतात. मी हात जोडतो.

देवमन आज कागदावरून बोलला. मध्येच कागद उलटा झाला, तर तो लोकांनाच म्हणाला, "थांबा, मला सापडत नाही." मागे दोन वाक्यं तयार होती माझ्या तोंडात, सभा पेटवणारी. दात आवळून बसलो. लोक निमूट ऐकत होते. दयेने, बहुधा.

उतरताना एका म्हातारीने लुगड्याच्या पदरातून ज्येष्ठमधाचा तुकडा काढून हातावर ठेवला. "चघळ, बाबा. तुह्या आवाजाले काई होऊ नये."

तोंडात ठेवला. गोड होता. थुंकवला नाही, गिळवला नाही.

१५ फेब्रुवारी

आज मनकर्णाशीही बोललो नाही. घरात मनाई नव्हती.

१७ फेब्रुवारी

चंद्रभान दुपारी अमरावतीत उभा. काल सकाळी जमुनाला कळा सुरू झाल्या. जीपमध्ये गादी टाकून निजवली, आई आणि पार्बताबाई बसल्या. सव्वा तासात अकोल्याचा दवाखाना. पोट फाडावं लागलं. मुलगी. दोघी जिवंत. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर दोघींपैकी कुणी नाही.

मनकर्णा मोठ्याने रडली.

चंद्रभान निरोप सांगत होता. शुद्धीवर आल्यावर जमुना म्हणाली, "दादाले सांगजो, तुह्या बोलन्यानं वाचली मी."

मग अजून काय हवं होतं मला? तीनशे रुपयांत दोन जीव. कुणीही घेतला असता हा सौदा. मीही पुन्हा घेईन. तरी संध्याकाळी सभेला निघताना मफलर गळ्यात घालवेना. परवा मतदान. एक सरळ माणूस माझ्या जिभेवर उभा होता आणि मी ती काढून घेतली. पडेल तो. किती मतांनी, एवढाच प्रश्न. त्यानंतर त्याच्या तोंडाकडे कसं बघायचं हे कुठल्या पुस्तकात असेल तर मी ते वाचलेलं नाही.

२७ फेब्रुवारी

देवमन निवडून आला. अकराशे चौसष्ट मतांनी.

मिरवणुकीच्या गर्दीत मोतीराम भेटला. राग नव्हता. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आमचे तीनशे फुकट गेले, भाऊ. तुमी बोलले काय अन् नाई बोलले काय, सारकंच होतं."